शंटवाला डीसी मीटर: जोडायचा कसा, आणि चुकला तर पकडायचा कसा

(ऑडिओ भागाचा हा मजकूर. भाषा बोलतानाची बरीचशी तशीच ठेवली आहे, आकडे मात्र नीट लिहून काढले आहेत.)

आजचा विषय एकदम छोटा आहे, हातात मावेल एवढा. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला, गच्चीवरच्या सोलरला किंवा ई-रिक्षाला लावतात तो डीसी मीटर. छोटी निळी किंवा हिरवी स्क्रीन, त्यावर चार आकडे: व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि वॅट-अवर. सोबत एक जड पितळी तुकडा येतो, दोन टोकांना मोठे बोल्ट आणि मधे करड्या रंगाच्या पट्ट्या. त्याला शंट म्हणतात.

बसमध्ये ऐकत असाल तर आकडे पाठ करायच्या मागे लागू नका, ते मजकुरात मिळतील. आज फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की करायची: मीटरला करंट दिसतच नाही. त्याला दिसतात फक्त शंटच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट. त्यावरून तो करंटचा हिशोब मांडतो, आणि तोही तुम्ही त्याला शंट कुठला आहे हे जे सांगितलं असेल त्यावर विश्वास ठेवून. हे कळलं की मीटर चुकला तर का चुकला, हे तुम्ही दहा मिनिटांत शोधू शकता.

आधी शंट म्हणजे काय ते बघू. पाटबंधारेवाले कालव्याचं पाणी कसं मोजतात माहितीये? सगळं पाणी काही बादलीत भरून मोजता येत नाही. ते कालव्यात एका ठिकाणी गळा अरुंद करतात आणि तिथे पाण्याची उंची बघतात. गळ्याचा आकार ठरलेला असतो, म्हणून नुसत्या उंचीवरून किती पाणी चाललंय ते काढता येतं. शंट म्हणजे करंटच्या वाटेतला तसाच गळा. सगळा करंट त्याच्यातून जातो, त्यामुळे दोन टोकांमध्ये अगदी थोडं व्होल्टेज तयार होतं, आणि मीटर ती 'उंची' वाचतो.

शंटवर छापलेलं असतं, '१०० ए ७५ एमव्ही'. म्हणजे १०० अँपिअर गेले की टोकांमध्ये ७५ मिलिव्होल्ट मिळणार. म्हणजे त्याचा रेझिस्टन्स झाला ०.७५ मिलिओहम. एका ओहमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. आता हिशोब उलटा करा. शंटवर मोजलेल्या मिलिव्होल्टला ०.७५ ने भागलं की अँपिअर मिळाले. तोंडी करायचं असेल तर चारने गुणा, तीनने भागा. २१ मिलिव्होल्ट आले तर २८ अँपिअर. बस, एवढंच गणित आहे आज.

त्या करड्या पट्ट्या तांब्याच्या का नसतात? तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के. आपल्याकडे जानेवारीतली १५ डिग्रीची सकाळ आणि मेमधली ४० डिग्रीची दुपार, यात २५ डिग्रीचा फरक. तांब्याचा शंट तेवढ्यातच १० टक्के खोटं बोलेल. यावर उपाय काढला एडवर्ड वेस्टन यांनी, १८९२ च्या सुमारास. तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल मिसळून त्यांनी मँगनिन नावाचा मिश्रधातू तयार केला. ऊन-थंडीने त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ हलत नाही. यातलं मँगनीज आपल्या राज्याला चांगलंच ओळखीचं आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत त्याच्या मोठ्या खाणी आहेत, आणि मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे.

आता शंटवर नीट बघा. मोठे बोल्ट दोन, आणि आतल्या बाजूला छोटे स्क्रू दोन. मोठे बोल्ट मुख्य केबलसाठी, छोटे स्क्रू मीटरच्या बारीक वायरींसाठी. ही विभागणी फार महत्त्वाची आहे. केबलचं थिंबल आणि शंटचा बोल्ट जिथे भेटतात, तिथे थोडा रेझिस्टन्स असतोच. समजा तो फक्त ०.१ मिलिओहम आहे. ऐकायला काहीच नाही. पण शंट स्वतःच ०.७५ चा, त्यामुळे मीटरची बारीक वायर तुम्ही मोठ्या बोल्टवरच अडकवली तर तो ०.१ पण मोजला जाईल, आणि मीटर १३ टक्के जास्त दाखवेल. वर बोल्ट जरा सैल झाला की आकडा रोज वेगळा. म्हणून बारीक वायर छोट्या स्क्रूलाच. करंटची वाट वेगळी आणि मोजायची वाट वेगळी, याला केल्विन जोडणी म्हणतात.

चला, आता जोडूया. आधी तयारी. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. ही शोभेची सूचना नाही. १२ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण चार्ज झालेली ट्यूब्युलर बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देते, आणि पाना किंवा कडं लालभडक होतं. खोलीची खिडकी उघडा, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. नुकतंच चार्जिंग संपलं असेल तर थोडा वेळ थांबा.

इन्व्हर्टर बंद करा आणि त्याचा भिंतीतला प्लगही काढा. सोलर असेल तर आधी पॅनलची वायर कंट्रोलरवरून काढा, मगच बॅटरीला हात लावा. बॅटरीची मायनस केबल आधी सोडवायची, आणि शेवटी परत लावताना मायनस सगळ्यात शेवटी.

शंट कुठे बसवायचा? मायनसमध्ये. बॅटरीचा मायनस शंटच्या एका मोठ्या बोल्टला, आणि दुसऱ्या मोठ्या बोल्टपासून पुढे इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर, जे काही असेल ते सगळं. बॅटरीच्या मायनस टोकावर शंटची एकच केबल राहिली पाहिजे, दुसरं काहीही नाही. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

प्लसमध्ये बसवला तर काय होतं? बऱ्याच छोट्या मीटरमध्ये मीटरचा स्वतःचा मायनस आणि शंटकडून येणाऱ्या दोन वायरींपैकी एक, हे आतून एकच असतात. शंट प्लसवर गेला आणि मीटरचा मायनस बॅटरीच्या मायनसला लावला, की त्या बारीक वायरीतून थेट बॅटरी शॉर्ट. मीटर जातो, वायर जळते, आणि जवळ काही पेट घेणारं असेल तर प्रकरण वाढतं. प्लसमध्ये चालणारे मीटर असतात, पण ते त्यांच्या कागदावर तसं लिहिलेलं असेल तरच.

मग मीटरच्या वायरी. शंटच्या छोट्या स्क्रूंवरून दोन वायरी मीटरकडे, एकमेकींना पीळ देऊन, शक्यतो लहान. कुठली वायर कुठल्या खाचेत, ते मीटरच्या मागे छापलेल्या चित्राप्रमाणे. इथे अंदाज चालत नाही, कंपनीगणिक क्रम बदलतो. तिसरी वायर बॅटरीच्या प्लसवरून, आणि तिच्यात १ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज मीटरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली ना.

शेवटी मायनस केबल जोडताना छोटी ठिणगी पडू शकते. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात त्याची ती. घाबरू नका, पण म्हणूनच खिडकी उघडी ठेवायला सांगितलं.

आता मीटर चालू झाला, आकडे आले. बरोबर आहेत कशावरून? इथे मी तुम्हाला आमच्या पुंडलिकनगरमधलंच एक काम सांगतो, कारण यात पैशांचा प्रश्न होता.

एक अभ्यासिका आहे. आपल्याकडे अशा गल्लोगल्ली आहेत, एमपीएससीची, पोलीस भरतीची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. तिथे २४ व्होल्टची सिस्टीम, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. चालवणारे काका वैतागले होते. लाइट गेली की बॅकअप पुरत नाही, मुलं तक्रार करतात, परीक्षा तोंडावर. बॅटऱ्यांची तब्येत कळावी म्हणून त्यांनी असा मीटर बसवून घेतला, आणि एका रविवारी मेन स्विच पाडून इन्व्हर्टर बंद पडेपर्यंत चालू दिला. चार तास चालला. मीटरने दाखवलं साधारण १३४० वॅट-अवर. बॅटरीवरच्या छापील आकड्यांचा हिशोब २४ गुणिले १५०, म्हणजे ३६००. काका म्हणाले, "बघा, निम्म्याच्याही खाली. बॅटऱ्या संपल्या." मीटर बसवणाऱ्यानेही तेच सांगितलं, नव्या घ्या. खर्च तीस हजारांच्या पुढे.

मी म्हटलं, "काका, पैसे द्यायच्या आधी एकदा मल्टिमीटर लावू."

लोड चालू केला. मीटर म्हणत होता १४ अँपिअर. तिथला लोड मोजला: २० वॅटच्या आठ ट्यूब म्हणजे १६०, जुने ७० वॅटचे चार पंखे म्हणजे २८०, आणि टेबलांवरच्या चार्जिंग पॉइंटवर लॅपटॉप-मोबाइल मिळून साधारण १२०. एकूण ५६० वॅट. इन्व्हर्टर स्वतःचा हिस्सा खातो, म्हणजे बॅटरीतून पावणेसातशेच्या आसपास वॅट निघायला हवेत. २४ ने भागा, २८ अँपिअर. मीटर सांगतोय १४. बरोबर निम्मे. निम्मा आकडा आला की कान टवकारायचे.

मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवला, दोन्ही पिना शंटच्या छोट्या स्क्रूंवर. २१ मिलिव्होल्ट. चार गुणिले, भागिले तीन: २८. शंट खरं सांगत होता. शंटवर छापलं होतं १०० ए, आणि मीटरचं बटण दाबून सेटिंग उघडलं तर तिथे ५० ए निवडलेलं. मीटर समजत होता की शंट ५० चा आहे, म्हणजे दुप्पट रेझिस्टन्सचा. म्हणून तेवढ्याच मिलिव्होल्टमधून तो निम्मा करंट काढत होता. सेटिंग १०० केलं, आकडा २८ वर गेला.

म्हणजे त्या रविवारी बॅटऱ्यांनी १३४० नाही, जवळपास २७०० वॅट-अवर दिले होते. आणि ३६०० हा आकडासुद्धा जरा समजून घ्यायला हवा. १५० अँपिअर-अवर ही क्षमता साधारणपणे बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळते, म्हणजे साडेसात अँपिअरने. २८ अँपिअरने ओढली तर लेड-ॲसिड बॅटरी कमीच देते, तो तिचा स्वभावच आहे. त्या हिशोबाने चार तासांत २७०० देणारी बॅटरी म्हातारी नाही. बॅकअप कमी वाटत होता कारण टेबलांवर चार्जिंग पॉइंट नवे आले होते आणि पंखे जुने होते.

काकांनी बॅटऱ्या ठेवल्या. चार पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले. १६० वॅट वाचले, बॅटरीवरचा करंट २८ वरून २० वर आला. तेवढ्याच बॅटऱ्या आता साडेपाच तासांच्या पुढे जातात. आणि बॅटरी अगदी तळापर्यंत रिकामी होण्याची वेळ कमी येते, तो फायदा वेगळा.

यातून काय लक्षात ठेवायचं? मीटरची स्क्रीन हा पुरावा नाही, तो हिशोब आहे. पुरावा शंटवरच्या मिलिव्होल्टमध्ये असतो. म्हणून काहीही बिघडलं तरी पहिली पायरी एकच: लोड चालू करून मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, छोट्या स्क्रूंवर. पिन १० अँपिअरच्या खाचेत नाही ना, ते आधी बघा. मग समोर जे दिसेल त्यावरून पुढची वाट ठरते.

एक. मल्टिमीटरवर मिलिव्होल्ट आहेत, पण मीटर शून्य दाखवतो. याचा अर्थ शंट ठीक, वायर सुटलीये किंवा उलटी लागलीये. बरेच मीटर एकाच दिशेचा करंट मोजतात, उलटा आला की सरळ शून्य. लोड बंद करा आणि दोन बारीक वायरी चित्राशी परत ताडून बघा. आणि हो, घरच्या इन्व्हर्टरवर चार्जिंग आणि लोड एकाच केबलमधून जातात. त्यामुळे अशा मीटरवर चार्जिंगच्या वेळी शून्य दिसणं हा बिघाड नाही. येणं-जाणं दोन्ही बघायचं असेल तर दोन्ही दिशांचा मीटर घ्यावा लागतो.

दोन. लोड चालू आहे, पण मल्टिमीटरवरही शून्य, किंवा फारच कमी. म्हणजे करंट शंटमधून जातच नाहीये, त्याला चोरवाट मिळालीये. कुणीतरी सोलर कंट्रोलरचा किंवा इन्व्हर्टरचा मायनस थेट बॅटरीच्या टोकावर लावलाय. गाडीत असेल तर बॉडी हीच चोरवाट असते. भिंतीवर लिहिलेलं वाक्य आठवा.

तीन. दोन्हीकडे आकडा आहे, पण प्रमाण चुकतंय. दुप्पट किंवा निम्मा असेल तर ५०-१०० ची गल्लत. मीटर २० टक्के कमी दाखवत असेल तर शंट ६० मिलिव्होल्टचा आणि मीटर ७५ चा असण्याची शक्यता. एक तृतीयांश कमी असेल तर शंट ५० मिलिव्होल्टचा. फक्त अँपिअर जुळवून भागत नाही, मिलिव्होल्टही जुळले पाहिजेत. आणि मल्टिमीटरचे मिलिव्होल्ट अँपिअरमध्ये बदलताना शंटवर छापलेलेच आकडे धरायचे. जुना शंट दुसऱ्या मीटरला लावताना हे हमखास होतं.

चार. आकडा नाचतो. इन्व्हर्टर ५० हर्ट्झची एसी तयार करतो, त्यामुळे बॅटरीतून करंट सेकंदाला १०० वेळा वर-खाली होत येतो. थोडं नाचणं चालायचंच. वायरींना पीळ द्या, त्या मुख्य केबलपासून लांब न्या. तरी उड्या मोठ्या असतील तर बोल्ट तपासा. लोड बंद करून, केबल सोडवून मगच.

पाच. लोड नाही तरी काहीतरी दिसतं, किंवा लोड बारीक आहे तर काहीच दिसत नाही. १०० अँपिअरच्या शंटवर ०.१ अँपिअर म्हणजे ०.०७५ मिलिव्होल्ट. स्वस्त मीटर तिथे आंधळाच. रात्रभर चालणारं राऊटर या मीटरवर मोजायला जाऊ नका. पण लोड नसताना चांगले दोन-तीन अँपिअर दिसत असतील, तर मीटरला वेगळ्या ॲडॅप्टरने सप्लाय दिलाय का ते बघा. त्या ॲडॅप्टरचा मायनस बॅटरीच्या मायनसशी दुसऱ्या वाटेने जुळला असेल, तर बारीक वायरीतूनच करंट फिरतो आणि मोजमाप बिघडतं.

सहा, आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं इतकं महत्त्वाचं. लोड चालू असताना शंटच्या जवळ हाताचा मागचा भाग नेऊन बघा, न टेकवता. २८ अँपिअरला १०० चा शंट फक्त ०.६ वॅट उष्णता काढतो, म्हणजे जेमतेम कोमट. तिथे चांगली धग लागत असेल तर शंट दोषी नाही, बोल्ट सैल आहे. सैल सांध्यात १० मिलिओहम जरी असले तरी २८ अँपिअरला जवळपास ८ वॅट त्या एका टोकावर तापतात, तासन् तास. प्लास्टिकच्या डब्याजवळ हे चालणार नाही. लगेच लोड बंद, थंड होऊ द्या, थिंबल बदला, बोल्ट घट्ट करा.

खात्री करायला ठरलेला लोड हवा असेल तर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, शंटवर ३.४ मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. २४ व्होल्टची सिस्टीम असेल तर सारखे दोन बल्ब सिरीजमध्ये. बल्बची वायर अर्थातच शंटच्या पलीकडून, लोडच्या बाजूने. क्लॅम्प मीटर असेल तर त्यावर डीसी अँपिअर आहे का ते आधी बघा. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी मोजतात, डीसी केबलभोवती ते शून्यच सांगणार.

तर मंडळी, घरी मीटर असेल तर आज एक काम करा. शंटवर काय छापलंय ते वाचा, मीटरच्या सेटिंगमध्ये काय निवडलंय ते बघा, आणि दोन्ही आकडे बॅटरीच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी म्हणालं बॅटरी गेली, तर आधी छोट्या स्क्रूंवर मल्टिमीटर लावायला सांगा. तुमच्या शंटवर किती मिलिव्होल्ट आले आणि मीटर काय म्हणाला, तेवढे दोन आकडे मला पाठवा. त्यावरून बोलू. भेटू पुढच्या भागात.